मेंढरांच्या मागून चालणारी कादंबरी

दिवाळीचा फराळ संपत येतो तसे बारामती-इंदापूरच्या माळावरचे धनगरांचे वाडे हलू लागतात. वाडा म्हणजे एकत्र चालणाऱ्या काही कुटुंबांचा जथा. घोडीच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड लादलेलं असतं. पिठाची थैली, भांडी, घोंगडी, रात्री मेंढरं कोंडायला लागणारी वाघर, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि एखादं नुकतंच जन्मलेलं, अजून धड चालता न येणारं कोकरू. गडीमाणसं मेंढरं घेऊन चरणीच्या वाटेने जातात, बाया घोडी हाकत पुढचा मुक्काम गाठतात आणि मेंढरं येईपर्यंत तीन दगडांची चूल पेटलेली असते. बरेच वाडे घाट उतरून कोकणात जातात. भाताची खाचरं रिकामी झालेली असतात, तिथे मेंढरं बसवायची आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे. वळीव सुरू व्हायच्या सुमारास पुन्हा देशावर यायचं, कारण कोकणातल्या चिखलात मेंढरांचे खूर सडतात.

हे जगणं मराठी कादंबरीत आलं ते 1955 साली. पुस्तक जेमतेम दीडशे पानांचं, लेखक अठ्ठावीस वर्षांचा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' शाळा-कॉलेजात अनेकांनी वाचली आहे आणि ग्रामीण साहित्याचा नमुना म्हणून तिच्यावर भरपूर लिहिलंही गेलं आहे. पण इंदापूरच्या माळाशी ताडून ती वाचली की तिचा वेगळाच सांगाडा दिसू लागतो. या कादंबरीत माणसं बोलतात, भांडतात, तालीम बांधतात. गाव कुठे वसायचं आणि कधी उठायचं हे मात्र मेंढरं ठरवतात.

गोष्ट साधी आहे. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा कोवळा मास्तर बदलून येतो. शाळा आहे, पोरं नाहीत. पोरं मेंढरांमागे गेलेली आहेत. मास्तरचा हुकूम वाडीवर चालत नाही, चालतो तो म्हाताऱ्या कारभाऱ्याचा शब्द. कारभाऱ्याच्या मनात येतं तेव्हा शाळा भरते. मग हळूहळू मास्तरच वाडीचं टपाल, कचेरी आणि पेढी होऊन बसतो. कुणाची पत्रं वाचायची, कुणाचे अर्ज लिहायचे, कुणाचे जपून ठेवलेले जुने चांदीचे रुपये मोडून आणायचे. आयबू, आनंदा रामोशी, दादू, शेकू, कारभाऱ्याची लेक अंजी अशी एकेक माणसं त्याच्या भोवती उभी राहतात. सगळी वाडी राबून तालीम बांधते आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. वाचकाला वाटतं, आता वाडीचं भलं होणार.

आणि पाऊस पडत नाही.

दुसरा कुणी लेखक इथे सावकार आणता, तलाठी आणता, कुणाला तरी खलनायक करता. माडगूळकर आणत नाहीत. गवत वाळतं, मेंढरं खंगतात, मरतात. ज्यांची उरली ती माणसं त्यांना घेऊन जगायला बाहेर पडतात. माणदेशात दुष्काळात गाव सोडणाऱ्याला 'जगायला गेला' असंच म्हणतात. सगळी वाडी पाहता पाहता ओस पडते. शेतकऱ्याचं गाव दुष्काळात कण्हत-कुथत का होईना, जागेवर राहतं, कारण जमीन उचलून नेता येत नाही. धनगराची मिळकत चार पायांवर उभी असते. गवत जिथे, तिथे तिला न्यावंच लागतं. मेंढपाळीचं हे अर्थशास्त्र कादंबरी कुठेही समजावून सांगत नाही. शेवटच्या काही पानांत ते नुसतं घडतं, म्हणून इतकं लागतं.

जवळून पाहावा असा एक प्रसंग शेकूचा आहे. त्याच्याकडे नांगराला एकच बैल आहे. पेरणी तोंडावर आलेली आणि दुसरा बैल मागून मिळत नाही. शेकूची बायको अंगापिंडाने दणकट. ती बैलाच्या जोडीला स्वतः जुवाला खांदा लावते. या प्रसंगावर सिनेमात केवढं पार्श्वसंगीत वाजलं असतं! माडगूळकर मास्तरला ते फक्त दुरून दाखवतात आणि पुढे सरकतात. वाडीवर माणूस आणि जनावर यांच्यात कष्टाची वाटणी असते, मानाची उतरंड नसते, हे त्या एका दृश्यात कळतं. ओरबाडून रडू आणण्याचा मोह लेखकाने टाळला, म्हणून सत्तर वर्षांनंतरही ते पान जुनं झालेलं नाही.

माडगूळकरांना ही दृष्टी कुठून आली, याचं उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडतं. जन्म 1927 चा, माडगूळचा. आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात असलेलं हे गाव तेव्हा औंध संस्थानात होतं. संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी चित्रकार होते आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. कादंबरीतले राजेसाहेब तालमीच्या उद्घाटनाला उत्साहाने येतात, त्यामागे हा इतिहास आहे. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर हे कैद्यांचं खुलं वसाहतगृहही याच संस्थानातलं. त्यावरून थोरले बंधू ग. दि. माडगूळकरांनी 'दो आँखें बारह हाथ'ची कथा लिहिली. घरच्या गरिबीमुळे व्यंकटेशचं शालेय शिक्षण अर्धवट राहिलं. काही काळ त्यांनी मास्तरकी केली, स्वातंत्र्यचळवळीत भूमिगत राहिले, चित्रकला शिकायला कोल्हापूर गाठलं, आणि इंग्रजी स्वतःच्या हिमतीवर इतकं शिकले की स्टाइनबेक आणि लियम ओफ्लाहर्टी त्यांचे आवडते लेखक झाले. 1949 मध्ये 'माणदेशी माणसं' आलं. 1955 मध्ये ते पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात रुजू झाले आणि पुढची नोकरीची वर्षं त्यांनी तिथेच काढली.

लेखक म्हणून त्यांची घडण तीन सवयींनी झाली. पहिली शिकारीची. बंदूक घेऊन रान तुडवणाऱ्याला माग काढावा लागतो, वारा कुठून कुठे आहे ते पाहावं लागतं, तासन् तास गप्प बसावं लागतं. पुढे बंदूक सुटली, ती गप्प बसण्याची सवय राहिली. दुसरी रेखाटनाची. चित्र काढणाऱ्याला जनावर 'सुंदर' वगैरे म्हणून भागत नाही. मान कुठे वळते, कान कधी टवकारतात, थकलेलं जनावर कुठल्या पायावर भार देतं, हे नेमकं बघावं लागतं. तिसरी रेडिओची. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही, म्हणून वाक्य आखूड हवं आणि बोललेलं वाटायला हवं. 'बनगरवाडी' रेडिओच्या नोकरीत मुरण्याआधीची असली, तरी तिच्यात हा कान आधीपासूनच तयार आहे.

या तिन्ही सवयी सर्वांत कसाला लागल्या त्या 'सत्तांतर'मध्ये. 1982 ची ही छोटी कादंबरी वानरांच्या टोळीवर आहे, आणि तिच्यात माणसाची गोष्ट नाहीच. काळतोंड्या वानरांच्या टोळीत बहुधा एकच मोठा नर असतो, बाकी माद्या आणि पिल्लं. टोळीबाहेरचे नर संधीची वाट पाहतात आणि एखाद्या दिवशी हल्ला करून जुन्या नराला हुसकून लावतात. त्यानंतर नवा नर लहान पिल्लांना मारतो. धारवाडजवळच्या जंगलात 1960 च्या दशकात युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने हे पाहिलं; पुढच्या दशकात अमेरिकेच्या सारा हर्डी यांनी अबूच्या पहाडावर त्याचा सविस्तर अभ्यास केला. पिल्लं गेली की माद्या लवकर माजावर येतात आणि नव्या नराचा वंश सुरू होतो, हा हर्डींचा निष्कर्ष तेव्हा पुष्कळ वादग्रस्त ठरला होता. माडगूळकरांनी विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात मुक्काम ठोकून वानरं पाहिली आणि या जीवशास्त्राची कादंबरी केली. तिला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं.

मराठीत प्राण्यांच्या गोष्टींना तोवर तोटा नव्हता. पंचतंत्रापासून इसापपर्यंत सगळे प्राणी माणसांना शहाणपण शिकवायला नेमलेले होते. माडगूळकरांचा प्राणी कुणाला काही शिकवत नाही. तो भुकेला असतो, भ्यालेला असतो, माजावर आलेला असतो. 'बनगरवाडी'तल्या मेंढ्यांचीही हीच गत. त्या ना भोळ्या, ना पवित्र. त्यांना चारा लागतो, पाणी लागतं, आणि लांडग्यापासून राखण लागते. निसर्गाकडे असं बघणारा दुसरा मोठा मराठी लेखक म्हणजे वनाधिकारी मारुती चितमपल्ली. 2025 मध्ये वारलेल्या चितमपल्लींना लिहितं करण्यात माडगूळकरांच्या मैत्रीचा वाटा होता.

जगाच्या दुसऱ्या टोकाला लिहिल्या गेलेल्या एका कादंबरीशी 'बनगरवाडी'चं नातं लावून पाहण्यासारखं आहे. चीनच्या जियांग रोंग यांची 'वुल्फ टोटेम' 2004 मध्ये आली आणि तिला पहिला मॅन एशियन साहित्य पुरस्कार मिळाला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बीजिंगचा एक शिकलेला तरुण आतल्या मंगोलियाच्या कुरणावर पाठवला जातो आणि मेंढपाळांकडून लांडग्यांची भाषा शिकतो. वरून हुकूम सुटतो, लांडगे मारले जातात. मग कुरतडणारे प्राणी माजतात आणि गवताळ प्रदेश उजाड होऊ लागतो. त्याही आधी किरगिझस्तानच्या चिंगिझ ऐतमातोव यांनी घोडा आणि त्याचा राखणदार यांच्यावर 'गुलसारी'ची गोष्ट लिहिली होती. जियांग रोंगची कादंबरी आणि 'बनगरवाडी' यांत एक गोष्ट समान आहे. दोन्हीकडे गोष्ट ज्याच्या नजरेतून दिसते तो बाहेरून आलेला, पाटी-पेन्सिलवाला आहे. फरक असा की जियांग रोंगचा तरुण कुरणाबद्दल सिद्धांत मांडतो, पानंच्या पानं वाद घालतो. सौंदणीकर मास्तर वाडीचं काय चुकलं आणि काय बरोबर होतं, याचा निवाडा करत नाही.

पण पाहणारा बाहेरचा, ही गोष्ट उरतेच. खुद्द मेंढपाळांची कादंबरी कुठे आहे? ती ओवीत आहे. बारामती, फलटण, माण, जत या पट्ट्यात धनगर गायक बिरोबाच्या, धुळोबाच्या ओव्या रात्रभर गातात. आधी गायचं आणि मग तोच भाग बोलून, रंगवून सांगायचा, असा हा प्रकार असतो. त्यात मेंढरं वारुळातून बाहेर कशी आली, पहिला धनगर त्यांच्यामागे कसा लागला, देवाने कुणाचा माळ मागून घेतला, अशा कथा असतात. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर या माळांवर वाड्यांबरोबर हिंडले, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ 1976 मध्ये निघाला. 1992 मध्ये त्यांचं निधन झालं आणि पुढे ॲन फेल्डहाऊस यांनी रामदास आटकर आणि राजाराम झगडे यांच्यासह बिरोबा-धुळोबाच्या दोन मोठ्या कथनांचा इंग्रजी ग्रंथ केला. मेंढरांचा मान पाहायचा तर आषाढीच्या वाटेवर काटेवाडीला जावं. तुकोबांची पालखी बारामतीहून निघून तिथे पोचली की पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. घोड्याचं रिंगण पुढे बेलवाडीला. मेंढ्यांचा मान मात्र काटेवाडीचा.

आता इंदापूर तालुक्यात परत यावं, भीमेकाठच्या पळसदेवला. 'बनगरवाडी'त पाणी न आल्याने गाव उठलं. पळसदेवचं जुनं गाव उठलं ते पाणी आल्याने. भीमेवर उजनीचं धरण 1980 मध्ये पुरं झालं, सुमारे 117 टीएमसीचा यशवंतसागर पसरला आणि नदीकाठचं गाव, त्यातलं पळसनाथाचं दगडी मंदिर पाण्याखाली गेलं. वस्ती वर सरकली. कडक उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की मंदिर उघडं पडतं आणि लोक ते पाहायला गर्दी करतात. पाणी ओसरलेल्या गाळपेर जमिनीवर गवत फुटतं, तिथे जनावरं उतरतात. भिगवणला रोहित पक्षी येतात, मासेमारी चालते. तालुक्याच्या दक्षिणेला नीरेचा डावा कालवा 1885 पासून वाहतो आहे. दोन्ही बाजूंनी पाणी आलं, ऊस आला, आणि मधला माळ मेंढरांसाठी अरुंद होत गेला.

जो उरला, तो नोंदींत बराच काळ 'पडीक' होता. पडीक म्हटलं की झाडं लावायची, कारखाना काढायचा, सौर पट्ट्या मांडायच्या, हे ओघानेच येतं. प्रत्यक्षात माळ रिकामा कधीच नव्हता. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. 1997 मध्ये ते चिंकाऱ्यांसाठी राखलं गेलं. इंदापुरात कडबनवाडीच्या कुरणावर चिंकारा, लांडगा, तरस, खोकड आणि माळावरचे पक्षी दिसतात. 2024 मध्ये वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे गवताळ प्रदेशाची सफर सुरू केली. लोक आता पैसे देऊन माळ बघायला येतात. माळावर लांडगा टिकून आहे त्याला एक कारण मेंढरंही आहेत. हरणं विरळ झाली तेव्हा त्याच्या पोटाला मेंढरांनी आधार दिला. आता त्याच्यापुढे नवं संकट आहे ते मोकाट कुत्र्यांचं. पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. लांडग्याने मेंढी मारली तर वनविभाग भरपाई देतो, पण त्यासाठी पंचनामा लागतो. अधिकारी येईपर्यंत वाड्याने मुक्काम धरायचा तर बाकीची मेंढरं खायची काय? बरेच धनगर हिशेब करतात आणि मेलेली मेंढी सोडून पुढे निघतात.

मेंढरूही बदललं आहे. काळी, काटक दख्खनी मेंढी लोकरीसाठी पाळली जाई. सणगर तिच्या लोकरीची घोंगडी विणून त्यांना चिंचोक्याची खळ देत. आता लोकरीला भाव नाही, कातरणीची मजुरीही निघत नाही. मटणाला मात्र मागणी आहे, म्हणून जतकडची उंच, भरदार माडग्याळ मेंढी कळपांत शिरली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली. बंगालच्या सुंदरबनातल्या लहानशा गरोल मेंढीत जुळं देण्याचा जनुक असतो. तो दख्खनी मेंढीत आणून त्यांनी 'नारी सुवर्णा' तयार केली. दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होतं, तिथे जुळ्यांचं प्रमाण वाढलं. पण दोन कोकरांना पाजायचं तर मेंढीला चारा जास्त लागतो, आणि चाऱ्याचा प्रश्न आला की गाडी पुन्हा माळावर येते.

'बनगरवाडी'वर अमोल पालेकरांनी 1995 मध्ये चित्रपट केला. पटकथा खुद्द माडगूळकरांची होती आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चंद्रकांत मांढरे त्यात कारभारी झाले होते. त्याच्या कितीतरी आधी, 1958 मध्ये, राम देशमुखांनी कादंबरी इंग्रजीत नेली होती. 2001 मध्ये माडगूळकर गेले. पुस्तकाच्या आवृत्त्या अजून निघतात.

कादंबरीतल्या मास्तरापुढचा पहिला प्रश्नही अजून तसाच आहे. मेंढरांमागे जाणारं पोर शाळेत बसवायचं कसं? आज पुष्कळ घरं पोरांना आजी-आजोबांकडे गावात ठेवतात, काही आश्रमशाळेत घालतात. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी सरकारने शिक्षण हमी कार्डाची सोय केली आहे; ते दाखवलं की वर्षाच्या मध्यातही दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. ऊसतोडीच्या फडावर चार-पाच महिने एका जागी राहणाऱ्या घराला ते उपयोगी पडतं. धनगराचा वाडा मात्र दोन-तीन दिवसांत मुक्काम बदलतो. सोमवारी ज्या शाळेत नाव घातलं, ती शाळा गुरुवारी दोन गावं मागे राहिलेली असते. सौंदणीकर मास्तरला निदान कारभाऱ्याचा शब्द तरी होता.